गिऱ्ह्याला शिंगं कशाला?

१ जुलै २०२५, मंगळवार. करंजा

काम हातात आलं. पुण्याचा एक स्टुडिओ कोकण किनाऱ्यावर घडणारा गेम करतो आहे. त्यातल्या खाडीच्या लेव्हलसाठी त्यांना गिऱ्हा हवा आहे. ब्रीफ चार ओळींचं: पाण्यातला दुष्ट आत्मा, भव्य, अंगावर येणारा, शिंगं, सुळे, पेटलेले डोळे, लेव्हलच्या शेवटी त्याच्याशी झुंज. सोबत नमुन्यादाखल चित्रं जोडली आहेत. सगळी परदेशी गेममधली, आणि सगळ्या राक्षसांची छाती व्यायामशाळेत कमावलेली. एवढ्या वजनाचं धूड आमच्या खाडीच्या चिखलात उतरलं असतं तर कमरेपर्यंत रुतून बसलं असतं आणि बंदरावरच्या पोरांनी त्याला दगड मारले असते.

मुदत नारळी पौर्णिमेपर्यंत. वेळ चांगली साधली आहे. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी ताडपत्र्या पांघरून बंदरात, आणि एरवी कधी न सापडणारा काका दिवसभर पडवीत जाळं सांधत बसलेला. तांडेल माणूस महिनाभर जमिनीवर बसला की बोलायला लागतो.

गिऱ्ह्याचं नाव लहानपणी रोज कानावर पडायचं. दिवेलागणीनंतर जेट्टीवर रेंगाळलो की आजी त्याच्या नावाने दम देऊन आत घ्यायची. पण तो दिसतो कसा, हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही. तोंडाचं वर्णन नाही, रंग नाही, उंची नाही. आज काकाला विचारलं. जाळ्यातून नजर न काढता म्हणाला, "मना काय म्हायती? ज्यानं बगला तो सांगायला परत आला का?"

५ जुलै, शनिवार

पाऊस उघडला तशी ओहोटीला तिवरांच्या कडेने गेले. चिखलभर निवट्या. आमच्याकडे निवटी म्हणजे कालवण. आज ती ताटात नाही, वहीत घ्यायची होती.

डोळे डोक्याच्या पार माथ्यावर. पुढचे पर हातांसारखे टेकत ती चिखलावरून सरकते, मधेच शेपटीच्या एका फटक्यात उडी मारते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून ठेवते, शिवाय ओल्या कातडीतूनही श्वास घेते. आणि मासा असून डोळे मिचकावते. पापणी नाहीच, आख्खा डोळाच खालच्या ओल्या खोबणीत ओढून घेते आणि परत वर काढते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये या मिचकावण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी सोडून जमिनीवर आलेल्या प्राण्यांना डोळे मिचकावायची गरज का पडली असावी, याचा माग त्यांनी निवटीत काढला. मी बराच वेळ फक्त तेवढंच चितारत बसले: डोळा आत, डोळा बाहेर. बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

निवटीच्या जपानी जातभाईवरून पोकेमॉनवाल्यांनी २००२ साली मडकिप केला. निळा, गुबगुबीत, डोक्यावर उभा पर, गालांवर केशरी कल्ले. जगभरच्या पोरांनी तो पाळला. चिखल धुऊन काढला की निवटी एवढी लाडकी होते, हे करंज्यात कुणाला सांगून पटायचं नाही.

मला मात्र मडकिपपेक्षा पोलिवॅगचं जास्त कौतुक आहे. सातोशी ताजिरी हा पोकेमॉनचा जनक टोकियोलगतच्या माचिदात किडे पकडत वाढला. पुढे तिथली शेतं आणि तळी इमारतींखाली गेली. २७ फेब्रुवारी १९९६ ला त्याचे पहिले गेम जपानात आले. त्यातल्या पोलिवॅगच्या पोटावर एक काळं वेटोळं आहे. नुसती नक्षी वाटते, पण नाही. बेडकाचं पिल्लू ओंजळीत घेतलं की पोटाच्या पातळ कातडीतून त्याच्या आतड्याचं वेटोळं दिसतं, ते हे. ज्याने लहानपणी पिल्लू ओंजळीत धरलं असेल त्यालाच हे सुचणार. त्याच गेममध्ये पॅरस नावाचा खेकड्यासारखा किडा आहे आणि त्याच्या पाठीवर अळंब्या उगवल्यात. किड्याच्या शरीरात शिरून त्याला आतून खाणारी ही बुरशी खरी आहे. आपल्या हिमालयात तिला कीडाजडी म्हणतात आणि ती सोन्याच्या भावाने विकतात. त्याच कुळातली बुरशी मुंग्यांचा ताबा घेते. बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ' मालिकेत अशी मुंगी बघून नॉटी डॉग या गेम स्टुडिओच्या मंडळींना २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' सुचला, आणि तिथे माणसांच्या डोक्यातून अळंब्या फुटल्या. एकाच कुळातल्या बुरशीतून एकाने खेळणं काढलं, दुसऱ्याने दुःस्वप्न.

८ जुलै, मंगळवार

निवटीची पानं पाठवली होती. आर्ट डायरेक्टरचं उत्तर एका ओळीत: "क्यूट आहे. भीती कुठाय?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला.

१२ जुलै, शनिवार

काल युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. सकाळपासून फोनवर तेच चाललंय. यादीत आमच्या बाजूची खांदेरी आहे, अलिबागजवळच्या थळसमोरचं बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे तट बांधायला घेतला. काकाला किल्ल्याचं विशेष नाही; त्याच्यासाठी खांदेरी म्हणजे तिथला वेताळ. सगळे कोळी त्याला मानतात.

माझं डोकं दुसरीकडेच गेलं. गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात. सिंहाचं अंग, कधी पंख, नख्यांत हत्ती. शिवनेरीवर आहेत, इतरही गडांवर आहेत. मुरूडच्या जंजिऱ्याच्या दारावर तर एका वाघासारख्या जनावराने पंजांत, जबड्यात, शेपटीत हत्तीच हत्ती पकडलेत. सावंतवाडीच्या गंजिफांतही तेच कूळ भेटतं: दशावतारी डाव, १० रंग, प्रत्येकी १२ अशी १२० गोल पानं, आणि त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. मोबाइल यायच्या कितीतरी आधी कोकणात खेळायच्या वस्तूवर अर्धा माणूस आणि अर्धं जनावर रंगवणारे चितारी होते. आमच्या धंद्याचे पूर्वज खरे तर तेच.

पण दुपारभर शरभाची चित्रं काढल्यावर हात थांबला. तो करतो काय? खातो काय, कुठे झोपतो, कशाला घाबरतो? काही नाही. तो दरवाजावर उभा राहून सांगतो की आतला धनी बलवान आहे. ते निशाण आहे. त्याला देह आहे, सवयी नाहीत. आणि गिऱ्हा नेमका उलटा: सवयी आहेत, देहच नाही. तो कुठे राहतो, कधी येतो, काय मागतो, कशाने टळतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. फक्त चेहरा कुणाकडे नाही.

ब्रीफ लिहिणाऱ्याने दरवाजावरच्या जनावराचं अंग घेऊन त्याला खाडीतल्या भुताचं नाव दिलंय. तिथेच गाडी अडली आहे.

१६ जुलै, बुधवार

दिवसभर मुसळधार, वीज गेलेली. लॅपटॉपच्या उरल्या चार्जिंगवर जुनं पुस्तक वाचलं.

कोकणातल्या भुताखेतांची इंग्रजीतली मोठी नोंद १९१५ ची आहे. साहित्य गोळा केलं होतं ए. एम. टी. जॅक्सनने. हाच तो नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला असताना अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. त्याच्या मागे उरलेले कागद आर. ई. एन्थोवेनने लावून छापले. पुढे १९२४ मध्ये एन्थोवेनचा 'फोकलोअर ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ आला. पद्धत सरकारी: प्रश्नावली काढायची, गावोगावच्या शाळामास्तरांना पाठवायची, उत्तरं जुळवायची. वेताळ, मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध, खवीस, जखीण, चकवा. एकेकाला दोन-चार ओळी. गिऱ्हाही आहे. बुडून मेलेल्या माणसाचं भूत, वेताळाच्या सेवकांपैकी, पाण्यात राहतो, रात्रीच्या वाटसरूला भुलवून पाण्यात नेतो. संपलं. गॅझेटियरमध्ये भाताचं उत्पन्न नोंदवावं तसं कोरडं. पण त्या मास्तरांचे उपकार आहेत.

जपानात हे १३९ वर्षं आधी झालं होतं आणि चित्रांसकट. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने 'गाझु ह्याक्की याग्यो' नावाचा भुतांचा चित्रसंग्रह छापला, पानाला एक भूत. तिथल्या पाणभुताचं, कप्पाचं, चित्रही त्यात आहे. कप्पाच्या डोक्यावर पाण्याची खोलगट वाटी असते; तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही उलट नमस्कार करतो, पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. त्याला काकडी आवडते. विसाव्या शतकात शिगेरु मिझुकीने ही सगळी मंडळी कॉमिक्समध्ये आणून घराघरांत पोचवली. म्हणून आज पोकेमॉनमधल्या गोल्डकमध्ये, लोटॅडच्या पानात, २०२१ च्या 'मॉन्स्टर हंटर राइज' या गेममधल्या टेट्रानॅडॉन या अवाढव्य बेडकात कप्पा ओळखू येतो. त्याच 'राइज'मध्ये जुन्या छत्रीचं भूत एका क्रौंच पक्ष्यात घातलंय: पक्षी मान ताठ करून तुरा उघडतो आणि छत्री उघडल्याचा भास होतो. कसबी काम. चिडलेला क्रौंच कुणी नीट पाहिल्याशिवाय हे होत नाही.

कप्पामागे खरं जनावर कुठलं, यावर वाद आहेत. कासव, महाकाय सॅलमँडर, पाणमांजर. जपानी नदीतलं पाणमांजर २०१२ मध्ये सरकारने नामशेष जाहीर केलं. कप्पा मात्र जोरात आहे.

तर त्यांच्याकडे नोंद आणि चित्र दोन्ही, आमच्याकडे नुसती नोंद. हे वाईटच असं मी म्हणणार नाही. एकदा चित्रात बसल्यावर कप्पा फार बदलू शकला नाही. गिऱ्हा अजून कोरा आहे, आणि पहिला माणूस जे काढेल ते चिकटून बसण्याचा धोका आहे. त्या पहिल्या चित्राला शिंगं असावीत?

१९ जुलै, शनिवार

पुण्याहून मैत्रिणीचा फोन. म्हणाली, आपल्याकडे झालंच की काम, 'राजी' विसरलीस का? नाही विसरले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' काढला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरची वर्गणी पुरी झाली नव्हती, तरी नेटाने पुरा केला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवलं. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. देखणा आहे. पण त्यातले असुर पुराणातले आहेत. पुराणातल्या असुराला वंशावळ असते, वर असतो, सैन्य असतं. गिऱ्ह्याला यातलं काहीच नाही. तो गरीब आहे. माझ्या मते आपल्या गेमवाल्यांनी पुराणं पुरेशी उपसली, आता पाणवठ्यावर यावं. गेल्या वर्षीच्या 'मुंज्या' सिनेमाने तेवढं दाखवलं: पिंपळावरचं एक पोरगं, पूर्ण संगणकावर घडवलेलं, आणि कोकणाबाहेरचं थिएटरही भरलं.

२३ जुलै, बुधवार

उद्याची अवस गुरुवारी आल्यामुळे गटारी आजच. काकाची मित्रमंडळी पडवीत. दुसऱ्या ग्लासानंतर विषय मी काढायची गरजच पडली नाही.

काकाचा चुलता मिठागराच्या बांधावरून रात्री घरी येत होता, डोक्यावर मासळीची पाटी. मागून हाक आली, नावाने. त्याने ओ दिली नाही. एका हाकेला ओ द्यायची नाही हा नियम. माणूस पुन्हा हाक मारतो, तो पुन्हा मारत नाही म्हणतात. मग मागून पाण्यात चालल्याचा आवाज. मग बोलणं: मासा दे. मागे न बघता त्याने एक मासा खांद्यावरून टाकला. आवाज थांबला. जरा पुढे गेल्यावर पुन्हा. पुन्हा एक मासा. असं करत घर गाठलं तेव्हा पाटी रिकामी. दुसऱ्याने लगेच भर घातली की गिऱ्ह्याचा केस ज्याच्या हाती लागतो त्याच्या घरी तो गडी म्हणून राबतो, आणि रात्रंदिवस तो केस शोधत राहतो. तिसरा म्हणाला, सगळं खोटं, रातबगळा ओरडतो आणि पिलेला माणूस घाबरतो. त्यावर बराच वाद झाला.

मी आत येऊन झरझर लिहून काढलं, कारण अख्खी लेव्हल तिथेच होती. बांध अरुंद, दोन्हीकडे पाणी. पाटीतले मासे म्हणजे तुमचा वेळ. मागून आवाज जवळ येतो, मासा टाकला की लांब जातो. मागे वळायचं बटण आहे, पण दाबायचं नाही. घर किती लांब ते दिसतंय, मासे किती उरलेत तेही दिसतंय. 'सबनॉटिका' या समुद्रातल्या गेममध्ये गढूळ पाण्यात महाकाय माशाची डरकाळी आधी ऐकू येते आणि दिसायच्या आतच खेळणारा पळत सुटतो. तिथेही भीतीचं निम्मं काम आवाजानेच केलंय. आमच्या बांधावर रातबगळ्याचा 'क्वॉक' पुरेसा आहे. डायरेक्टरच्या प्रश्नाला हे उत्तर.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची अवस. आजीने समया, निरांजनं, बोटीवरचा जुना कंदीलसुद्धा घासून पाटावर मांडला. पूजा झाल्यावर माझ्या टॅब्लेटमध्ये डोकावली. गिऱ्ह्याशी झुंज कशी होते, आयुष्याची पट्टी संपली की तो कसा मरतो, ते मी समजावलं.

"त्याला कशाला मारतंस गो? तो मेलेलाच हाय."

एवढं बोलून वाती वळायला बसली. आजीचा भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नाही, देहही मिळाला नाही. काल काका आणि मंडळी बोलत होती तेव्हा ती मागच्या दारी होती. गिऱ्हा म्हणजे कुणाचा तरी कोण, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ च्या 'द विचर ३'मध्ये हा पेच पकडला आहे. त्यांच्याकडेही पाण्यातले बुडालेले आहेत, दुपारच्या उन्हात शेतात फिरणारी बाई आहे, सगळं स्लाव्ह लोककथांतलं आणि आंद्रेय सापकोव्स्कीच्या कथांमधून आलेलं. पण मला आठवतं ते नाव न ठेवता पुरलेल्या अर्भकाचं भूत. खेळणाऱ्याला दोन वाटा आहेत. तलवार काढा, किंवा बापाला ते मूल उचलून आणायला लावा, नाव द्या, उंबऱ्याखाली पुरा. मग तेच घराची राखण करतं. मी पहिल्यांदा खेळताना तलवार काढली नव्हती. जगभरच्या लोककथांत अशा भुतांना मारण्यापेक्षा त्यांचं देणं फेडायची रीत जास्त आहे. मारणं ही गेमवाल्यांची सवय, कारण झुंजीचा हिशेब सोपा असतो.

२६ जुलै, शनिवार

अवसेचं उधाण अजून उतरलेलं नाही. ओहोटी खूप आत गेली, म्हणून निवट्यांची बिळं जवळून बघता आली. तोंडाशी चिखलाचा कठडा. आत काय चालतं ते मात्र वाचलेलं, डोळ्यांनी दिसणारं नाही: बिळाच्या पोटातल्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून निवटी वर येऊन तोंड भरून हवा घेते आणि आतल्या खोलीत नेऊन सोडते. घास घास हवा साठवते. अंडी त्या हवेच्या खोलीच्या छताला चिकटवलेली असतात. पिल्लं फुटायची वेळ झाली की जपानी निवटीचा नर ती हवा पुन्हा तोंडाने उपसून बाहेर टाकतो, पाणी आत येतं आणि पिल्लं सुटतात.

हे वाचलं होतंच, पण बिळाशी उकिडवं बसल्यावर गिऱ्हा दिसला. तो बुडालेला आहे. त्याला हवं ते शेवटी कमी पडलं तेच: श्वास. तो माणसं पाण्यात नेतो ते खायला नाही. तोंड भरून त्यांचा श्वास नेतो आणि खाडीच्या तळाशी चिखलातल्या खोलीत साठवतो. मोठा होतो तो शिंगांनी नाही, साठ्याने; छाती फुगते, कातडी ताणून पातळ होते, आतलं दिसायला लागतं. पोलिवॅगच्या पोटासारखं, फक्त इथे वेटोळ्याऐवजी बुडबुडे. आणि खेळणाऱ्याने त्याच्यावर वार करायचा नाही. बीळ शोधायचं, छत फोडायचं, साठलेला श्वास सोडून द्यायचा. बुडबुडे वर येतात, प्रत्येकातून एक आवाज. शेवटचा बुडबुडा त्याचा स्वतःचा.

चालणं निवटीचं: कोपर टेकून, मागचा भाग ओढत. डोळे माथ्यावर आणि मिचकावताना आत जाणारे. हाक मारण्याची खूण त्या एका मोठ्या नांगीच्या खेकड्याची. ओहोटीला शेकडो नर ती नांगी वर-खाली हलवतात, माद्यांना बोलवायला. लांबून वाटतं कुणीतरी 'ये ये' करतंय. गिऱ्ह्याचा एक हात तसा, प्रमाणाबाहेर लांब. चिखलात दुसरं काही दिसायच्या आधी तो हात दिसेल.

रात्री उशिरापर्यंत काढत बसले. अॅनिमेटर मला शिव्या घालणार, इतके सांधे एका कोपरात.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज आजी चिरणं, कापणं, तळणं काही करू देत नाही. तिला कळू न देता टॅब्लेटवर चित्राच्या कडा कातरल्या.

तिने पाटावर गंधाने नाग काढला. एक वेलांटी, फणा, दोन ठिपके. आमच्याकडे नव्या पोरांना पहिला धडा असतो की चित्र पूर्ण काळं भरून बघा, नुसत्या आकारावरून प्राणी ओळखू आला पाहिजे. आजीच्या नागाला काळं भरायचीही गरज नाही. माझा गिऱ्हा काळा भरून बघितला: माथ्यावर दोन गोळे, एक लांब हात, फुगलेली छाती, मागे काहीच नाही. ओळखू येतो. बसलेली निवटी आणि बसलेला म्हातारा, दोन्ही वाटतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. बऱ्याच बोटी नारळ दिल्यावरच निघतील, पण बंदरात इंजिनं तपासायचा कल्लोळ चालू आहे. त्यात व्हिडिओ कॉल.

मी पानं दाखवली. बांध आणि मासे लगेच पटले, लेव्हलवाला मुलगा तर उभाच राहिला. श्वासाचा साठाही पटला. मारायचं नाही यावर शांतता. मग कुणीतरी विचारलं, मग बॉस फाइट कुठाय? मी आजीचं वाक्य सांगितलं. कुणी हसलं नाही, ही जमेची बाजू. डायरेक्टर शिंगांवर अडला: ट्रेलरमध्ये दोन सेकंदांत लोकांना कळलं पाहिजे की हे भूत आहे. आणि पेटलेले डोळे तरी ठेव.

डोळ्यांवर मी तोड काढली, म्हणजे काकाने. हिवाळ्याच्या तोंडाला रात्री कधी कधी पाणी पेटतं. वल्हं मारलं की निळा उजेड फुटतो. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हलवल्यावर चमकतात, एवढंच. तर गिऱ्ह्याचे डोळे विझलेलेच राहू देत, तो हलेल तिथलं पाणी पेटू दे. तो स्थिर असला की काळोख. उजेड आपल्याकडे सरकतोय, हे दोन सेकंदांत कुणालाही कळतं. मुलांनी तिथल्या तिथे कच्चं करून बघितलं. डायरेक्टर म्हणाला, "ठीक आहे. शिंगांचं नंतर बघू."

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. सकाळपासून बँड, बोटींना पताका, काका नवी टोपी घालून. दुपारी मेल आलं.

गिऱ्हा बिनशिंगाचा मंजूर. झुंज काढली, श्वास सोडायचा शेवट ठेवला. शिंगं-सुळेवाला अवतार वेगळी स्किन म्हणून विकणार आहेत. ज्याला हवा त्याने पैसे भरून घ्यावा. ती स्किन मी काढणार नाही असं कळवलं. दुसरं कुणीतरी काढेल, आणि कदाचित तीच जास्त खपेल.

सोबत मी एक अट घातली आहे: श्रेयनामावलीत 'कथा' या सदराखाली काकाचं आणि आजीचं नाव. १९१५ च्या पुस्तकात निदान मास्तरांचा उल्लेख येतो. ज्यांच्या तोंडून मास्तरांनी ऐकलं त्यांचा नाही. स्टुडिओचं यावर अजून उत्तर नाही. ते लेखी येईपर्यंत अंतिम फाइल माझ्याकडेच राहील.